हलक्या बंदुकीचा धक्का

“मग आता आणखी काय करायचं राहिलं, बाबा?”

रायाजी देसाईनं खांद्यावरची रायफल उतरवली आणि मकदूमबाबांच्या पुढ्यात, चटईवर आडवी ठेवली.

बाबा दर्ग्याच्या पायरीवर बसून पितळी चिराग घासत होते. चिंधीचा बोळा राखेत बुडवायचा, चिराग घासायचा, उन्हात धरून बघायचा, पुन्हा घासायचा. त्यांनी मान वर केली नाही.

“काय काय केलंस?”

“काय केलं नाही ते विचारा.” रायाजी खालच्या पायरीवर टेकला. बसताना त्याच्या तोंडून नकळत ‘आई गं’ निघून गेलं. “हलकी म्हणून हौसेनं घेतली होती. दिवसभर रान तुडवलं तरी खांदा भरून येत नाही, म्हणून. पण हलकी बंदूक म्हणजे आडमुठं तट्टू. बार निघाला की उधळते. मग खांद्याला टेकतो तो दस्ता मागून पोखरला आणि आत शिसं भरलं. वजन वाढलं तसा धक्का निम्मा झाला. तरी लागायचा. मग ट्रकच्या टायरचं रबर कापून दस्त्याच्या बुडाला बसवलं.”

“बरं.”

“नळीखालचं लाकूड तासलं. नळी तापली की लाकडाला टेकायची आणि गोळी भलतीकडं जायची. आता मधून कागद सरकवा, अडत नाही कुठं. हे सगळं घरच्या घरी केलं, बाबा. सोप्यात बसून. बायको म्हणते, एवढी सेवा माझी केली असती तर मी म्हातारी झाले नसते.”

बाबा हसले नाहीत. चिराग उन्हात धरून बघत राहिले.

“मग लागतोय नेम?”

“अंगणात लागतो. वाळूच्या पोत्यावर टेकवून मारली तर सगळ्या गोळ्या एका कवठाएवढ्या जागेत. पण रानात, हातात धरून...” रायाजी थांबला. “काल वारुळावर मारली. एवढं मोठं, माणसाएवढं वारूळ. हललंसुद्धा नाही.”

“वारूळ कशाला हलेल?”

“चेष्टा करू नका, बाबा.”

“नाही करत,” बाबा म्हणाले. “दमलोय. चेष्टेलाही दम लागतो.”

दर्ग्यामागच्या चाफ्यावर एक होला घुमत होता, तोही मधूनमधून थांबत होता.

तेव्हा शिकारीला बंदी नव्हती, आणि घाटमाथ्यावरच्या त्या गावात पिकं राखायला परवान्याची बंदूक एकट्या रायाजीकडं होती. रानडुकरं एका रात्रीत नाचणीचं शेत नांगरून टाकायची. मग रायाजी रानातल्या नाक्यावर दबा धरून बसायचा, म्हणजे मोक्यावर बसायचा, आणि धनगरवाड्यावरची माणसं डबे बडवत, आरोळ्या देत जनावर त्याच्या अंगावर आणायची. याला हाका म्हणत. हाकाऱ्यांच्या हातात काठीपलीकडं काही नसे. ती माणसं चालत यायची ती सरळ बंदुकीच्या तोंडाकडं.

म्हणूनच तिथं एक रीत होती. बंदुकीला मकदूमबाबांच्या हातची उदी लागल्याशिवाय हाकारे रानात पाय घालत नसत. बाबा ऐन उमेदीत संस्थानच्या शिकारखान्यात होते. कशानं ते कुणाला माहीत नाही, पण एक दिवस त्यांनी बंदूक टाकली आणि पिराच्या दारात येऊन दिवाबत्ती करू लागले. त्यांनी उदी दिली म्हणजे बंदूक भरवशाची, असं सगळे धरून चालत.

गेल्या हाक्यातही त्यांनी दिली होती. रायाजीची गोळी एका सुळेवाल्या डुकराला लागली, पण वर्मी लागली नाही. जनावर उलटं फिरलं, हाकाऱ्यांत घुसलं आणि त्यांच्यातल्या बमूची मांडी उकलून गेलं. बमू वाचला. त्याचा पाय मात्र काही सरळ होत नाही. आणि ते जखमी डुक्कर आता ओढ्याकाठच्या कारवीच्या दाट झुडपांत बसून होतं. बायकांची पाण्याची वाट तिथूनच जायची. काल त्यानं एका बाईची घागर उडवली. आज घागर, उद्या बाई, हे सगळ्यांना कळत होतं. जखमी करून सोडलेलं जनावर ज्याचं त्यानंच मिटवायचं, हाही तिथला नियमच.

ऊन कलल्यावर हाका निघायचा होता. रायाजी उदीसाठी आला होता.

“द्या बाबा उदी. हाकारे जमत असतील.”

बाबांनी चिराग खाली ठेवला. राखेचे हात धोतराला पुसले.

“ते डुक्कर तुझ्या पुढून गेलं होतं, का तुझ्याकडं येत होतं?”

“कधी?”

“बार काढलास तेव्हा.”

रायाजीनं रायफलीकडं बघितलं. दस्त्यावरून अंगठा फिरवला.

“बंदूक उडाली, बाबा. सांगितलं ना. तेव्हा रबर नव्हतं लावलेलं.”

“मी बंदुकीचं विचारलं नाही. पुढून आडवं जाऊ देऊन मारलं असतंस तर ते पुढंच पळालं असतं. मागं का फिरलं?”

रायाजीच्या कानशिलाची शीर फुगली. तो देसायांच्या घरातला माणूस. गावात त्याला असं कुणी विचारत नसे. त्याचा आजा घोड्यावरून डुक्कर भाल्यानं मारायचा, असं तो दहा जणांत सांगायचा. तो फटकन म्हणाला,

“तुम्ही काय तिथं होता? बाबा, तुम्ही बंदूक सोडून जमाना झाला. नव्या रायफली तुमच्या ठासणीच्या बंदुकीसारख्या नसतात.”

बाबांनी मान हलवली. राग आल्यासारखं काही दिसलं नाही. ते म्हणाले,

“मला उठव.”

रायाजीनं हात दिला. बाबांचे गुडघे कटकट वाजले. त्यांनी रायफल उचलली, काडतुसांची थैली मागून घेतली आणि दर्ग्यामागची उतरण उतरू लागले. खाली ओढ्याची कोरडी दरड होती, मातीची, उंच. रायाजी मागोमाग गेला. जाता जाता बाबांनी उकिरड्यातलं फुटकं गाडगं उचललं, दरडीला टेकवून ठेवलं आणि वीसेक पावलं मागं आले.

“इथून.”

“उभ्यानं?”

“रानात पोतं घेऊन जातोस?”

बाबांनी पाठ फिरवली, काडतूस भरायचा खटका मागं ओढला, पुढं लोटला. भरलेली रायफल रायाजीच्या हातात दिली.

रायाजीनं दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, नळीच्या टोकाची माशी गाडग्यावर आणली. बार निघाला. दरडीची माती गाडग्याच्या बरीच खाली उडाली. गाडगं जसंच्या तसं.

“बघा,” रायाजी म्हणाला. “धक्का काहीच नाही. रबरानं काम केलंय. पण गोळी बघा कुठं गेली. अजून थोडं शिसं घालावं म्हणतो. पुढच्या अंगाला.”

“आण इकडं.”

बाबांनी पुन्हा पाठ फिरवली. खटका मागं, खटका पुढं. रायफल परत दिली.

“आता सावकाश.”

रायाजीनं श्वास घेतला. अर्धा सोडला. बोट चापावर ठेवलं. सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. हलके हलके चाप ओढला.

खट्.

नुसतं एवढंच. बार झालाच नाही. आत काडतूस नव्हतं.

पण रायाजीचा खांदा मागं गेला होता. डोळे गच्च मिटले होते. आणि कोंबडीनं दाणा टिपावा तशी नळी खाली झुकली होती.

तो तसाच उभा राहिला. डोळे उघडायचीही त्याला लाज वाटत होती.

“गोळी नव्हती,” बाबा म्हणाले. “रबर तर आहे. मग धक्का कशाचा बसला?”

होला पुन्हा घुमला आणि थांबला.

रायाजीनं नळी खाली केली. तो तिथंच, मातीत बसला. चांगला धडधाकट माणूस, पण खांद्यावरचं ओझं उतरल्यावर हमाल आणखीच वाकलेला दिसावा, तसा तो दिसत होता. त्यानं कपाळाचा घाम पुसला.

“येत होतं,” तो म्हणाला. “माझ्याकडं येत होतं, बाबा. पुढून जायची वाट बघायची हे पोरंसोरंसुद्धा जाणतात. पण ते सरळ माझ्या रोखानं आलं. केस उभे, सुळे पांढरेफेक. मला थांबवेना. मी मारली. नुसती मारली. कुठं लागली ते बघितलं नाही. डोळे मिटले होते. आणि मग बमू ओरडला. तो आवाज... आता चापावर बोट ठेवलं की तो आवाज आधी येतो. बाराच्या आधी. घरी अंगणात नाही येत. रानात येतो.”

“म्हणून रबर लावलंस.”

“मला वाटलं, धक्का कमी झाला की...”

“त्या आवाजाला रबर कुठलं लावलंस?”

रायाजीनं मान खाली घातली.

खरं म्हणजे त्याला कुणी बोल लावला नव्हता. बमूच्या घरी तो दोनदा जाऊन आला होता. तांदूळ दिले, डॉक्टर नेला. बमूची बायको ‘बसा मालक’ म्हणाली. तिनं चहा दिला. बमू तर उलट त्यालाच धीर देत होता, बंदूकच ती, कधी उडायचीच, म्हणाला. त्या दिवसापासून रायाजी घरी बसून लाकूड तासत होता. तासता तासता पहाट व्हायची. बायको झोपेतून उठून बघायची आणि काही न बोलता कुशीवर वळायची. दस्ता गुळगुळीत झाला, नळी आरशासारखी झाली, आणि रायाजीच्या डोळ्यांखाली काळं आलं.

“मी दमलोय, बाबा,” तो म्हणाला. “ही बंदूक दुसऱ्या कुणाला तरी द्या. मला आज बसता येणार नाही मोक्यावर.”

“दुसरा कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग?”

वरून पावलांचा आवाज आला. हाकाऱ्यांचा म्होरक्या धुळू उतरणीवरून खाली येत होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कमरेला बडवायचा डबा. बार ऐकून तो आला असावा. रायाजीला मातीत बसलेलं बघून तो जरा चपापला. मग त्यानं बाबांना हात जोडले.

“बाबा, मानसं जमल्याती. ऊन कललं.” आणि रायाजीला, “मालक, उदी झाली न्हवं?”

रायाजीनं बाबांकडं बघितलं. बाबा ओढ्याकडं बघत होते. ते सांगणार नव्हते. ‘बंदूक बरी आहे’ एवढं रायाजीनं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते खोटंही नव्हतं.

रायाजी उठला. कपड्यांची माती झाडली. मग म्हणाला,

“धुळू, बंदूक चांगली आहे. बंदूक तेव्हाही चांगलीच होती. मी बिथरतो. जनावर तोंडावर आलं, मी घाबरून आधीच मारली, म्हणून ते तुमच्यावर उलटलं. बमूचा पाय माझ्यामुळं गेला.”

धुळूनं काठी या हातातली त्या हातात घेतली.

“ते ठावं हाय की, मालक.”

“काय?”

“म्हंजे, सगळ्यास्नीच ठावं हाय. बमूलाबी. गोळी डुकराच्या कपाळाखाली, हितं लागली.” त्यानं स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. “आडवं जाणाऱ्याला हितं कशी लागंल?”

“मग आज यायला तयार कसे झालात?”

धुळू ओशाळला. डोकं खाजवत म्हणाला, “त्याचं असं हाय... आमी झाडावर बसून डबं बडवायचं ठरीवलंय. खाली कुनीच चालायचं न्हाई. आलं डुक्कर उलटून, तर झाडाला धडका मारंल.”

रायाजीला हसू आलं. ते हसू कसलं होतं त्याचं त्यालाच कळलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरे, ठाऊक होतं तर बोलला का नाहीत? मी तासतोय, शिसं भरतोय, रबर लावतोय... सगळं गाव बघत होतं.”

“तुमी बंदुकीबद्दल बोलत व्हता, मालक. बंदुकीतलं आमास्नी काय कळतंय? आमी मधी कशाला पडायचं?”

वाऱ्यानं फुटक्या गाडग्यात शीळ वाजली.

“झाडावरून हाका होत नाही,” शेवटी रायाजी म्हणाला. “डुक्कर कारवीतून उठायचंच नाही. उद्या बायका पाण्याला...”

“न्हाई व्हत. आमालाबी ठावं हाय.” धुळूनं घोंगडी नीट केली. थोडा विचार केला. “मी चालतो खाली. बाकीच्यांचं मी न्हाई सांगू शकत. इचारतो त्यास्नी. पर तुमी आत्ता बोललासा, तसंच त्यांच्या म्होरं बोलायला लागंल.”

“बोलेन.”

“मग बघू.”

बाबा हळूहळू उतरण चढू लागले. धुळूनं त्यांना काखेत हात घालून वर आणलं. दर्ग्यात जाऊन बाबा परत आले तेव्हा त्यांच्या मुठीत उदी होती. रायाजीनं रायफल सवयीनं पुढं केली.

बाबांनी रायफलीकडं बघितलंही नाही. त्यांनी धुळूचा तळवा उघडला आणि उदी त्यात ठेवली.

“तुला वाटेल तिथं लाव.”

धुळू गोंधळला. असं कधी झालं नव्हतं. त्यानं एकदा नळीकडं बघितलं, एकदा खटक्याकडं, एकदा त्या टायरच्या रबराकडं. मग तो रायाजीच्या समोर येऊन उभा राहिला. रायाजी उंच होता. धुळूचा हात वर जाता जाता मधेच थांबला. मालकाच्या कपाळाला आपला हात... त्याला ते जमेना.

रायाजीनं रायफल पायरीला टेकवून ठेवली. आणि देसायांच्या घरातल्या त्या माणसानं डोकं खाली वाकवलं.

धुळूनं उदी लावली. हात जाडाभरडा होता, थोडी उदी भुवईत पडली. ती रायाजीनं झटकली नाही.

“चला, मालक.”

धुळू पुढं झाला. त्याच्या कमरेचा डबा पावलागणिक मांडीवर आपटत, वाजत चालला. रायाजीनं रायफल खांद्याला अडकवली, बाबांच्या पाया पडला आणि वळला. दहा-बारा पावलं गेला असेल नसेल, थांबला. मागं फिरून आला.

बाबा पुन्हा पायरीवर बसले होते. डोळे मिटलेले होते. झोप लागली की काय, असं वाटावं इतके ते थकलेले दिसत होते.

“बाबा...”

“हं.”

“जनावर समोर आलं. मी थांबलो. ते पुढून जायला लागलं. चापावर बोट ठेवलं... आणि त्याच क्षणी तो आवाज पुन्हा आला, खांदा आधीच मागं गेला, तर? तर मी काय करू?”

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“ऐकून घे,” ते म्हणाले. “मग मार.”